खाजणपाड्याच्या पाटलाचा माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. माझ्या तोंडावरची जाळी एका बाजूने चेपलेली आहे आणि गळ्याला लाल चिकटपट्टीचे वेढे आहेत. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने माझा काळा रंग कधीच खाऊन टाकला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. आज थोडं स्वतःचं सांगतो. स्वतःचं म्हणजे तरी काय, माझ्या राजाचं, आणि जिने त्याचं राज्य चालवलं त्या बाईचं. त्या दोघांना वगळून सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कामगाराने केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून माझ्या पोटात बसवली, तिच्याभोवती लोहचुंबक ठेवला आणि वर पातळ पडदा ताणला. मग मला पारखण्यासाठी तो माझ्याजवळ वाकला आणि त्याने आपल्या मुलीचं नाव अगदी हलक्या आवाजात घेतलं. पलीकडच्या कर्ण्यातून ते नाव स्वच्छ ऐकू आलं. तो हसून शेजारच्याला म्हणाला, "याचा कान भलताच तिखट आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

पुढे मी बोईसरला एका साऊंडवाल्याच्या दुकानात आलो. कारखान्यांत कामाला जाणारी माणसं दुकानासमोरून हिंदीत गप्पा मारत जायची, रिक्षांचे हॉर्न वाजायचे, आणि मी काचेच्या कपाटात पडून सगळं ऐकत असायचो. एके दिवशी एक धिप्पाड माणूस आत आला. त्याच्या कपड्यांना सुक्या बोंबलांचा वास होता. "आमच्या गावाला भोंगा पायजे," तो म्हणाला, आणि त्याच्या त्या आवाजाने कपाटाची काच थरथरली. याला माईक कशाला लागतो, असं मला तेव्हा वाटलं होतं. तो कमलाकांत पाटील. त्याने भोंगा, ॲम्प्लिफायर आणि मला, असं तिघांना टेम्पोत घालून खाजणपाड्याला नेलं.

खाजणपाडा म्हणजे दांडी गावाच्या वाटेवर, खाडीच्या काठाला वसलेली कोळ्यांची वस्ती. रस्ते, नळ, दिवे हे सगळं तिथे ग्रामपंचायत बघते. पण कोणाचं जाळं कोणी फाडलं, मासळी सुकवायच्या खळ्यावर कोणी कुठे बसायचं, दोन भावांत बोट कशी वाटायची, हे अजूनही गावकीकडे जातं. गावकीचा प्रमुख तो पाटील, आणि ती पाटीलकी एकाच घरात चालत आलेली. नारळी पौर्णिमेला लाल पगडी घालून पाटलाने पाण्यात नारळ सोडला की मगच तिथल्या बोटी खाडीबाहेर पडतात. म्हणून म्हातारी माणसं पाटलाला कौतुकाने राजा म्हणतात.

गावदेवीच्या देवळामागे एक लहान खोली आहे. तिथे टेबलावर मला बसवलं आणि भोंगा देवळाच्या गच्चीवर, वस्तीकडे तोंड करून. सकाळी आरती, दिवेलागणीला गावकीच्या सूचना. कमलाकांत पाटलाची सूचना मी नसतो तरी पलीकडच्या चिंचणी गावापर्यंत ऐकू गेली असती. पण त्याचा मोठा आवाज फार वर्षं टिकला नाही. एका सकाळी बोटीवरून उतरताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो किनाऱ्यावरच गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. मागे राहिली त्याची बायको येसूबाई आणि धाकटा भाऊ पुंडलिक.

हा पुंडलिक माझा खरा धनी. त्याने लग्न केलं नव्हतं. पहाटे उठून तो देवळाचं अंगण झाडायचा, देवीला चाफ्याची फुलं वाहायचा आणि माझ्यासमोर बसून भजन म्हणायचा. काय गोड गळा! पण भजन संपलं की त्याची वाचा बसायची. चार माणसांत त्याला "पाणी द्या" म्हणायलाही अवघड वाटे. आणि कमलाकांतच्या तेराव्याला गावातली वडीलधारी माणसं लाल पगडी घेऊन त्याच्याच पुढे उभी राहिली.

"मला नको," पुंडलिक हात जोडून म्हणाला. "मला देवीजवळ राहू द्या. राज्य करणं माझं काम नाय."

"पाटलाच्या घरात दुसरा पुरुष कोण हाय?" म्हाताऱ्यांनी विचारलं. पगडी डोक्यावर आली. त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत येऊन रडला. मी बंद होतो म्हणून बरं. त्याच्या मागोमाग येसूबाई आली. तिचे डोळेही सुजलेलेच होते, पण तिचा आवाज स्थिर होता.

"भावजी, रडून पगडी उतरत नाय."

"तुमीच बसा ना पाटलाच्या जागेवर, वयनी. दादा घरी येऊन सगळं तुमालाच तर विचारायचे. मला म्हाईत हाय."

"माझ्या डोक्यावर गाव पगडी ठेवील?"

पुंडलिकने डोळे पुसले. "नाय ठेवणार."

"मग तुमी डोकं द्या. आतलं मी बघते," येसूबाई म्हणाली.

तेव्हापासून खाजणपाड्याचं राज्य असं चालू झालं. लोक सकाळी देवळाच्या ओट्यावर आपली तक्रार घेऊन येत. पाटील सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "सांजच्याला सांगतो." मग घरी जाऊन वहिनीला विचारी. पण माझ्यासमोर बसला की त्याला घाम फुटे आणि ऐकलेलं सगळं विसरायला होई. म्हणून येसूबाई त्याच्याबरोबर यायला लागली. दार लावून घेऊन ती शेजारच्या स्टुलावर बसे, त्याच्या कानाशी वाकून एकेक वाक्य कुजबुजे, आणि तो ते माझ्यात म्हणे.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगतो, जी त्या दोघांना ठाऊक नव्हती. माझा कान तिखट होता. येसूबाईची कुजबुजही मी पकडत होतो. भोंगा गच्चीवर, त्याचं तोंड वस्तीकडे, खोलीची दारंखिडक्या बंद आणि वर वाऱ्याचा घोंगाट. बाहेर काय ऐकू जातंय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. खाजणपाड्याला मात्र प्रत्येक सूचना दोनदा ऐकू येई. आधी हलक्या आवाजात येसूबाईची, मग पाटलाची.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा वस्तीतली माणसं दचकली. एकमेकांकडे बघून हसली. एका पोराने येसूबाईची नक्कल केली, तर त्याच्या आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या दोघांना कोणीही काही सांगितलं नाही. हळूहळू लोकांना सवय झाली. दिवेलागणीला भोंगा खरखरला की बाया चुलीतली लाकडं मागे ओढायच्या, टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. कुजबुज नीट ऐकू यावी म्हणून.

आणि ती ऐकण्यासारखीच असायची. केतन आणि दर्पण या दोघा भावांचं बापाच्या बोटीवरून वाजलं, तेव्हा कुजबुज आली, "बोट विकायची नाय. एका उधाणाला एकानं न्यायची, दुसऱ्या उधाणाला दुसऱ्यानं. आणि जाळं दोघांनी मिळून विणायचं, म्हंजे बोलणं ऱ्हाईल." दोघे भाऊ अजून जाळं विणायला एकत्र बसतात.

सुजीत नावाचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख खलाशी, होता. दर्यात शहाणा, पण दारू पिऊन आला की बायकोवर हात टाकायचा. बायको भाविका. ती कोणाकडे तक्रार घेऊन गेली नव्हती. तिचा सुजलेला गाल येसूबाईने खळ्यावर पाहिला होता. त्या संध्याकाळी कुजबुज जरा धारदार होती. "सुजीतला सांगा, बोंबील टांगायचा बांबू बायकांच्याच हातात असतो. पुन्हा हात उचलला तर आमी सगळ्या बांबू घेऊन दारात येऊ."

पुंडलिकला एवढं कडक बोलणं झेपेना. तो म्हणाला, "सुजीत भाऊ, देवीची शपथ हाय, घरात जरा जपून वागावं."

गावाने दोन्ही ऐकलं. सुजीतनेही दोन्ही ऐकलं, आणि त्याने पहिलंच मनावर घेतलं.

अशी किती वर्षं गेली! मला त्या दोघांचा सहवास आवडायचा. काम झालं की ती विचारायची, "बरोबर झालं ना, भावजी?" आणि तो म्हणायचा, "देवीनंच तुमाला इथं बसवलंय, वयनी." मग तो माझ्या जाळीवरची धूळ धोतराच्या टोकाने पुसायचा आणि माझ्यावर प्लास्टिकची पिशवी घालायचा, खारी हवा लागू नये म्हणून. राजाच्या हाताने अशी सेवा किती जणांच्या नशिबी येते?

मग तो वाईट दिवस आला. थंडीचे दिवस होते, बोंबलाचा भर हंगाम. खळ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबलांच्या माळा लटकत होत्या. येसूबाई हात उंच करून बोंबील टांगत होती आणि एकाएकी तिचा उजवा हात खाली पडला. तिने भाविकाला हाक मारायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. सुजीतने स्वतःच्या टेम्पोत घालून तिला बोईसरच्या दवाखान्यात नेलं. वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. पण अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येईल, पण सावकाश. रोज बोलायचा सराव करून घ्यावा लागेल."

पुंडलिक दिवसभर तिच्या उशाशी बसे. संध्याकाळी शेवटच्या बसने येऊन तो देवीपुढे दिवा लावी आणि माझ्यासमोर बसे. गाव ऐकायला थांबलेलं असे. भोंगा खरखरे, पण कुजबुज येत नसे. थोड्या वेळाने नुसता पाटलाचा आवाज येई, "आज काही नाय," आणि मी बंद होई. एवढा पोरका मी कधीच झालो नव्हतो.

त्या दिवसांत कमलेश नावाचा एक माणूस पाटलाच्या मागे-पुढे दिसू लागला. कमलेश गावातलाच, पण बोईसरला कंत्राटाची कामं घ्यायचा आणि तिथेच राहायचा; येसूबाई पाटलाला सांगते एवढं त्याच्या कानावर होतं, पण दिवेलागणीचा भोंगा त्याने कधी ऐकला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला घाई फार होती. चिंचणीच्या किनाऱ्यावर सुट्टीला येणाऱ्या गाड्या बघून त्याच्या डोक्यात एक बेत शिरला होता. मासळी सुकवायचं खळं मोकळं करायचं, तिथे एका पार्टीला हॉटेल बांधू द्यायचं, पोरांना तिथे नोकऱ्या मिळतील. बायांनी मासळी मागच्या दलदलीच्या बाजूला सुकवावी.

"पाटील, तुमी देवाचं बघा," तो पुंडलिकला म्हणाला. "येसूबाई सांगायच्या तसं मी सांगत जाईन. तुमी फक्त म्हणायचं. तुमाला कसला ताप नाय."

पुंडलिक थकलेला होता. राज्य त्याला कधी नकोच होतं. दवाखान्यातून येऊन त्याला देवीच्या पायाशी बसायचं होतं, आणि इथे एक माणूस आपणहून ओझं उचलायला तयार होता. त्याने मान हलवली.

त्या संध्याकाळी कमलेश येसूबाईच्या स्टुलावर बसला. दार लावलं. माझं बटण दाबलं. कमलेश पाटलाच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, "म्हणा, खळ्याची जागा हॉटेलला द्यायचं गावकीनं ठरवलंय. हंगाम संपला की वलांडी काढा. पुढच्या सालापास्नं बायांनी दलदलीकडं जायचं."

पुंडलिकने तोंड उघडलं. "गावाला कळवण्यात येतं की..."

तो थांबला. त्याचा श्वास माझ्या जाळीवर येऊन आदळत होता.

"कमलेश," तो हळूच म्हणाला, "गावकीनं हे कधी ठरवलं?"

"तुमी बोललात की ठरलं. पाटील म्हंजेच गावकी."

"दलदलीत ऊन कुठं पडतं? मासळी नासेल ना रे."

"बघू नंतर. लावू काहीतरी पत्रे."

"वयनीला विचारायला हवं होतं."

"तिला आता काय विचारणार, पाटील? तिला बोलताच येत नाय. तुमी म्हणून टाका ना."

पाटील म्हणेना. मी चालूच होतो. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग बाहेर पावलं वाजली. एकाची नव्हे, पुष्कळांची. दार धाडकन उघडलं. भाविका पुढे होती, ओल्या हातांनी, पदर खोचलेला. तिच्यामागे खळ्यावरच्या सगळ्या बाया. हंगामात डोंगरातून कामाला येणारी नवसीही त्यांच्यात होती, तान्हं पोर कडेवर घेऊन.

"पाटील, पुढचं बोलू नका," भाविका धापा टाकत म्हणाली.

पुंडलिक गोंधळून उठला. "मी काय बोलणार होतो ते तुला काय म्हाईत?"

"सगळ्या गावाला म्हाईत हाय. भोंग्यातनं ऐकू आलं. कमलेशचं पण, तुमचं पण."

कमलेशने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विंचू आहे. "हा माईक कुजबुज पकडतो?"

"पयल्यापास्नं पकडतो," भाविका म्हणाली.

पुंडलिकने टेबलाची कड धरली. त्याच्या चेहऱ्यावर एकेक वर्ष उलगडत गेलेलं मला दिसत होतं.

"पयल्यापास्नं? म्हंजे वयनीचं बोलणं..."

"तेच तर ऐकायला बसायचो आमी. 'बांबू बायकांच्याच हातात असतो' हे मी तिच्या तोंडून ऐकलं, पाटील. तुमी आपलं म्हणालात, 'जरा जपून वागावं.'" भाविका हसली आणि तिचे डोळे भरून आले. "त्या दिवसापास्नं माझ्या नवऱ्यानं माझ्यावर हात उचलला नाय."

"मग इतकी वर्सं कोणी बोललं का नाय?"

"बोललो असतो तर तुमी दोघं लाजून गप झाला असता. मग आमी कोणाचं ऐकायचं?"

पुंडलिक आधी हसला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. नवसी पुढे झाली. "पाटील, आमचं बी ऐका," ती म्हणाली. "डोंगरात भात कापून झाला की काम नसतं. या खळ्यावर आमची चूल पेटते. इथलं ऊन गेलं, तर आमी कुठं जावं?"

पाटलाने डोळे पुसले आणि तो पुन्हा माझ्यासमोर बसला. मित्रांनो, इतकी वर्षं मी त्याचा गळा ओळखत होतो, पण हा आवाज मी नवीन ऐकत होतो. भजनात असतो तसा मोकळा.

"गावाला पुंडलिकचा नमस्कार," तो म्हणाला. "आजवर मी इथं बोललो ते माझं नव्हतं. ते माझ्या वयनीचं होतं. तुमाला हे ठाऊक होतं आणि तुमी आमाला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मी तुमच्या पाया पडतो. मला राज्य करता येत नाय. पण आता बोलतोय ते माझं हाय, माझ्या कानाशी कोणी नाय. खळ्यावर ज्या बाया उन्हात उभ्या असतात, त्यांना विचारल्याबिगर ते खळं कुठं जाणार नाय. येत्या रविवारी त्यांनीच इथं येऊन बोलायचं. मी ऐकायला बसेन."

कमलेश मान खाली घालून दाराशी गेला. पुंडलिकने त्याला हाक मारली. "कमलेश, तू बी ये रविवारी. तुझं म्हणणं पण मोठ्यानं सांग. पोरांना काम पायजे हे खरंच हाय."

रविवारी मला पहिल्यांदाच खोलीबाहेर, देवळाच्या अंगणात आणलं. एकेक बाई येऊन माझ्यासमोर उभी राहिली. कोणी मला फार जवळ धरलं, कोणी हातभर लांब. एक जण नुसतं "खळं द्यायचं नाय" एवढंच म्हणून पळाली. कमलेशनेही आपलं म्हणणं मांडलं. दुपार कलेपर्यंत सगळे बोलले आणि ठरलं की खळं आहे तिथेच राहील. त्याच्या कडेला एक शेड बांधायची, आणि येणाऱ्या पाहुण्यांना स्वच्छ सुकी मासळी तिथेच विकायची. शेडचं काम कमलेशने अंगावर घेतलं. बोलताना तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता, पण काम त्याने मनापासून केलं.

आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस सांगतो.

येसूबाई घरी आली. काठी टेकत दोन पावलं चालायची. पुंडलिक रोज सकाळी देवीची पूजा आटोपली की तिच्यासमोर बसायचा आणि तिच्याकडून शब्द म्हणवून घ्यायचा. पाणी, मीठ, जाळं, दर्या. कधी शब्द यायचा, कधी नुसती लाळ. ती रागावून भिंतीकडे तोंड फिरवायची. तो म्हणायचा, "मला वाक्य म्हणायला शिकवलंत तेव्हा तुमी कधी रागावला नाय, वयनी. मी पण रागावणार नाय. पुन्हा म्हणा. दर्या."

गावाला सगळं ऐकू जात होतं, हे त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी तो तिला धरून माझ्या खोलीत घेऊन आला. या वेळी त्याने दार उघडंच ठेवलं, खिडकीही उघडली. तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसला. तिने डाव्या हाताने त्याला खूण केली, तुम्ही इथे बसा.

"नाय वयनी. आता कुजबुजायचं नाय. तुमचंच बोलणं गाव ऐकत आलंय, पयल्या दिवसापास्नं." मग त्याने तिला सगळं सांगितलं.

ती ऐकतच राहिली. तिचा चेहरा लाजेने लाल झाला. मग तिने हळूच पदराने तोंड झाकलं आणि पदराआडून तिचं हसणं मला ऐकू आलं. ते हसणं अर्धवट होतं, एका बाजूने फाटलेलं. पण मी ऐकलेल्या सगळ्या आवाजांत मला तेच सगळ्यात गोड वाटतं.

त्या दिवशी मोबाईलवर वादळी वाऱ्याचा इशारा आला होता. येसूबाईने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. मग माझं बटण डाव्या अंगठ्याने स्वतःच दाबलं. मला तिच्या घशातली धडपड कळत होती. शब्द वर येत होता आणि जिभेशी अडत होता.

"उद्या..." ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "वा... वारा. बोटी... नको. कोणी... नको."

पुंडलिकने तोंड उघडलं नाही. तिचं वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचा मोह त्याने आवरला आणि हात जोडून बसून राहिला. मला भीती वाटली. इतकं तुटक बोलणं कोणाला समजलं असेल? पण मित्रांनो, खाजणपाड्याला तिची कुजबुज वाऱ्यातून वेचून ऐकायची सवय होती. तुटलेले शब्द जोडायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

उघड्या खिडकीतून पहिला आवाज आला तो सुजीतचा. बोटीवरून त्याने हाळी दिली, "ऐकलं, येसूबाई!"

मग भाविकाच्या दारातून, "ऐकलं!" मग केतन आणि दर्पणच्या घरातून एकदम. मग खळ्यावरून, नळावरून, गल्लीगल्लीतून. "ऐकलं! ऐकलं!" सगळा पाडा ओरडत होता. इतकी वर्षं तिने सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं होतं, पण उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी ती सगळी उत्तरं एकदम आली. मी चालूच होतो. तीही मी पकडली आणि भोंग्यातून पुन्हा त्यांनाच ऐकवली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. एकही बोट खाडीबाहेर गेलेली नव्हती.

आता खाजणपाड्यात पाटील पुंडलिकच आहे. नारळी पौर्णिमेला लाल पगडी तोच घालतो आणि देवीचं अंगणही तोच झाडतो. पण नारळ सोडण्यापूर्वी तो मोठ्याने सांगतो, "हा नारळ गावाचा, आणि गावाचा कारभार बघणाऱ्या येसूबाईचा." येसूबाई खुर्चीत बसलेली असते. तिचं बोलणं अजून अडखळतं, पण आता ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून यावं लागत नाही.

गेल्या वर्षी कमलेशने गावाला नवीन बिनतारी माईक भेट दिला. दिसायला देखणा, हिरवा दिवा लागणारा. लग्नकार्यात आणि भजनाला तो वापरतात. मला थोडे दिवस कपाटात ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू, तेव्हा वाईट वाटलं. पण त्या देखण्या माईकला येसूबाईचा आवाज नीट उचलता येईना, म्हणून मला परत टेबलावर आणलं. माझ्या गळ्याची चिकटपट्टी भाविकाने बदलली. पाटील अजून माझी धूळ पुसतो.

मी तृप्त आहे, मित्रांनो. माझ्यासारखे जुने माईक तुमच्याही शाळेत, देवळात, समाजमंदिरात असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, त्यांची तार पायाखाली येऊ देऊ नका. आणि त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर, दुसऱ्या कोणी शिकवलेलं, सुचवलेलं काही सांगणार असाल तर आधी त्या माणसाचं नाव घ्या. एक नाव घ्यायला वेळ लागत नाही, पण ते ज्याचं असतं त्याला ते जन्मभर पुरतं. शेवटी एवढंच मागतो. आम्हाला बोटाने ठोकू नका, आमच्यात फुंकर मारू नका. जे बोलायचं ते सरळ बोला. आवाज लहान असला तरी चालेल.